मोठ्या गुरुजींचा तट

झेंड्याच्या कट्ट्याखाली काढून ठेवलेल्या चपला, कट्ट्यावर एक माणूस, डोक्यावर काळी छत्री, आणि हातातल्या मोबाईलकडे बघून तो ओरडतोय, "अरे, काय कामधंदा हाय का न्हाई तुमाला?" शाळेत रुजू व्हायला गेले त्या दिवशी भर दुपारी मला हे दर्शन घडलं. व्हरांड्यात खिचडी ढवळणाऱ्या मावशींना मी विचारलं, "मुख्याध्यापक कुठे भेटतील?" त्यांनी हातातल्या पळीनेच कट्ट्याकडे दाखवलं.

"ते काय. पर आत्ता जाऊ नका, मॅडम. अपडेट आलंय."

पाथर्डीच्या पुढे, एसटी जिथून माघारी फिरते तिथून दोन-अडीच किलोमीटर चालत गेलं की आमची शाळा. पहिली ते पाचवी, खोल्या दोन, शिक्षक दोन. एक ते आणि दुसरी मी. त्यांना अख्खा गाव ‘मोठे गुरुजी’ म्हणायचा. खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण गावात ते घेऊन कुणी विचारलं असतं तर लोकांनी डोकं खाजवलं असतं. मी नगरात, सावेडीला वाढलेली, तोंडाने फटकळ, आणि असल्या आडरानात नेमणूक दिली म्हणून आधीच भडकलेली. त्यात वरिष्ठ म्हणून हे ध्यान. पहिल्याच दिवशी मी आईला फोन करून सांगणार होते, पण फोन लागेना. मग कळलं की गावात रेंज येते ती एकट्या झेंड्याच्या कट्ट्यावर, तीही पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं तर.

म्हणून ते कट्ट्यावर. आणि चपला का काढायच्या, तर "झेंड्याचा कट्टा हाय, बाई. चपला घालून कसं चढायचं?" मार्चमध्ये तो कट्टा तव्यासारखा तापायचा. गुरुजी एक पाय वर, एक खाली असं करत मोबाईलवरचा खेळ खेळायचे, पण चप्पल घालायचे नाहीत. खेळायचे फक्त मधल्या सुट्टीत. घंटा झाली की मोबाईल खडूच्या डब्यात, डबा कपाटात, कपाटाची किल्ली जानव्याला लावावी तशी गळ्यातल्या दोऱ्याला. मग शाळा सुटेपर्यंत कुणी राज्य जाळलं तरी त्यांना पत्ता नसे.

खेळ तसा सोपा. प्रत्येकाची एक गढी असते. शेत पिकवायचं, धान्य साठवायचं, तट बांधायचा, घोडदळ पाळायचं, आणि पन्नास जणांचा संघ करून एकमेकांच्या मदतीला जायचं. बाहेरचे लोक येऊन आपली गढी लुटतात, आपण त्यांची लुटायची. गुरुजी मात्र कुणाचीच लुटत नसत. तीन वर्षांत त्यांनी एकही हल्ला केलेला नव्हता. ते फक्त तट बांधायचे. एकामागे एक अशा सात भिंती, प्रत्येकीला बुरूज. नवं घर बांधलेला माणूस पाहुण्यांना खोल्या दाखवतो तसे ते मला मोबाईलवर तो तट दाखवायचे. "हा उत्तरेचा बुरूज दिवाळीच्या सुट्टीत काढला. हा दरवाजा बघा. अजून कुनाला फुटला न्हाई."

आणि असा एखादा बुरूज उभा राहिला रे राहिला की वरून बदल यायचा. कधी बुरुजाला लागणारा दगड दुप्पट, कधी धान्याचं कोठार निम्म्यावर, कधी घोडदळाचा वेग कमी. गाव त्याला अपडेट म्हणायचं. गुरुजी म्हणायचे परिपत्रक. कंपनी त्यांच्या लेखी ‘वरचं ऑफिस’. परिपत्रक इंग्रजीत असल्यामुळे ते वाचून मराठीत सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही कट्ट्याखाली चपला काढायची, छत्रीत शिरायची आणि वाचायची.

"तटाची ताकद तीस टक्क्यांनी कमी करण्यात येत आहे," मी एकदा वाचलं. "खेळ अधिक रंजक व्हावा म्हणून."

गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"रंजक? मी म्हनलो हुतो का, की मला करमत न्हाई म्हनून?"

त्या दिवशी त्यांनी खिचडी खाल्ली नाही. दुपारच्या तासाला पाचवीच्या फळ्यावर गणित लिहिलं: एका तटाची ताकद बारा हजार होती, वरच्या ऑफिसने ती तीस टक्क्यांनी घटवली, तर किती उरली? ती पूर्वीइतकी करायला किती टक्के वाढवावी लागेल? दुसरा प्रश्न भल्याभल्यांना जमत नाही. आमची पोरं मात्र बोटं न मोजता सांगायची, कारण दर महिन्याला नवं परिपत्रक आणि दर परिपत्रकाला नवी गणितं. एकदा केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि त्यांनी टक्केवारीवर एक प्रश्न टाकला. सगळ्या वर्गाचे हात वर. साहेब खूश होऊन म्हणाले, "गुरुजी, कुठला उपक्रम राबवता?" गुरुजी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "अन्याय निवारण." साहेबांनी ते वहीत लिहून नेलं. मी मागच्या बाकावर तोंडात ओढणी कोंबून बसले होते.

बरं, बदलाचं एवढं वावडं म्हणावं तर तसंही नाही. पुस्तकं बदलली, हजेरीचं ॲप बदललं, पोषण आहाराचे तक्ते बदलले, गणवेशाचा रंग बदलला; गुरुजी एका शब्दाने कुरकुरले नाहीत. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा आमच्या तोंडातून नगर जायला तयार नव्हतं, पण यांनी तालुक्याहून ऑईलपेंट आणून शाळेच्या पाटीवर अहिल्यानगर लिहूनही टाकलं, आणि रंग ओला असताना पोरांनी हात लावू नये म्हणून स्वतः पाटीखाली खुर्ची टाकून बसले. मला राहवेना. मी विचारलं, "गुरुजी, एवढं सगळं मुकाट्याने ऐकता, आणि एका खेळावर एवढा जीव जाळता?"

"सरकारचं ऐकतो, कारण नोकरी हाय. ह्या खेळवाल्यांचा मी नोकर हाय का? आन् बदलायचं काय अवघड असतं, बाई? हाय ते नीट चालवून दाखवा म्हनावं."

मग ते अर्ज करायचे. कागदावर, रीतसर. विषय: तटबंदीच्या ताकदीत केलेली कपात रद्द करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की. खाली सही, वर जावक क्रमांक. त्याचं इंग्रजी करून मी मोबाईलवर टाकायचं. दोन मिनिटांत उत्तर यायचं, प्रिय खेळाडू, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, आणि खाली एक हसरा शिपाई. ते उत्तर गुरुजी आवक वहीत चढवायचे. "मोलाचं हाय म्हनतात, वाचलं का ते लिहीत न्हाईत," असं पुटपुटत आठ दिवसांनी स्मरणपत्र एक. मग स्मरणपत्र दोन. त्या वहीत स्मरणपत्र अकरापर्यंत मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आता खरं सांगते. मला ते सुरुवातीला अजिबात आवडले नव्हते. आवक-जावक हसण्यावारी नेता येत होतं, पण मनातून वाटायचं की या माणसाचं वय काय, पद काय, आणि हा पोरासोरांबरोबर मोबाईल खेळतोय. पहिल्या दिवाळीनंतर तर मी केंद्रप्रमुखांकडे तोंडी तक्रार करायचं पक्कं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. आज आठवलं की माझीच मला लाज वाटते.

झालं असं. दिवाळी झाली आणि शाळा निम्मी रिकामी झाली. आमच्याकडे हे ठरलेलं. गावातले तरणे लोक कोयते घेऊन ऊसतोडीला जातात, कुणी कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात, आणि पोरंही बरोबर जातात. ती येतात उन्हाळ्यात, तोवर अक्षरं विसरून. एका मधल्या सुट्टीत गुरुजींनी मोबाईल माझ्या हातात दिला, "जरा धरा, छत्री उलटी झाली," आणि मी सहज खेळातलं बोलणं वाचलं. संघातल्या कुणीतरी लिहिलं होतं, "गुरुजी घोडदळ पाठवा, लई मार पडतोय." त्याखाली गुरुजींचं उत्तर, "आधी पोराचा शाळेतला फोटो."

माझ्या डोळ्यांदेखत फोटो आला. पत्र्याच्या शेडमध्ये एक पोरगा पाटी धरून बसलेला, आमच्याच दुसरीतला, नाक तसंच वाहतं. साखर कारखान्याजवळ तोडकऱ्यांच्या पोरांसाठी शाळा असते, तिथला. गुरुजींनी छत्री सरळ केली, फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला, मागचा फळा, त्यावरची तारीख, सगळं तपासलं. मग म्हणाले, "पाठवा त्याला चारशे घोडे."

त्या संघातले गुरुजी सोडून बाकीचे एकोणपन्नास लोक त्यांचे जुने विद्यार्थी होते. सगळे तोडीला जाणारे.

"व्हॉट्सॲप ग्रुप का नाही करत?" मी विचारलं.

"केल्ता. गुरुजीचा मेसेज बघून न बघितल्यासारखं करता येतं, बाई. आन् ही लोकं दर हंगामाला नंबर बदलतात, तिकडं स्वस्त पडंल ते सिम घेतात. गढी मात्र कुनी सोडत न्हाई. दिवसभर ऊस तोडून दमला, तरी रेंज घावली की आधी गढी बघनारच." मग जरा ओशाळून म्हणाले, "मला ह्या खेळाची काय गोडी नव्हती हो. त्यांनीच ओढलं. आता लागली, ते वेगळं."

तक्रारीची वाक्यं मी गिळली. दुसऱ्या दिवसापासून स्मरणपत्रांचं इंग्रजी मी न सांगता करायला लागले.

आणि मग माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात ते परिपत्रक आलं. डिसेंबरची गोष्ट. मी वाचलं आणि पुढचं मराठीत सांगायला माझीच जीभ वळेना. जो सदस्य सलग सात दिवस खेळात येणार नाही, तो संघातून आपोआप वगळला जाईल. संघाबाहेरच्या माणसाला निरोप पाठवता येणार नाही. संघाची संख्या पन्नासवरून तीस.

गुरुजींना तटाचं काही झालं की राग यायचा. या वेळी राग आला नाही. ते कट्ट्यावर खाली बसले.

"फडात रेंज नसती," एवढंच म्हणाले. "चार्जिंग आठवड्याच्या बाजाराला करतात ती लोकं. एक बाजार चुकला की झालं."

त्याच दुपारी त्यांनी अर्ज लिहिला. त्यात उपरोक्त नव्हतं, सविनय नव्हतं. माझी मुलं पटावरून कमी करू नका, एवढं एकच वाक्य. हसरा शिपाई दोन मिनिटांत आला. पंधरा दिवसांत वीस नावं गेली.

त्यात दत्ताचं नाव होतं. दत्ता हा गुरुजींचा जुना विद्यार्थी, आणि त्याची लेक कोमल आमच्या पाचवीतली. काय पोरगी होती! तटाच्या गणितातला तो दुसरा प्रश्न सगळ्यांत आधी तिने सोडवला होता. सहावीपासून राहण्या-जेवणाची सोय असलेल्या सरकारी शाळेची प्रवेशपरीक्षा असते, तिचा फॉर्म गुरुजींनी भरला होता. जाताना दत्ता शब्द देऊन गेला होता, तिकडे शाळेत बसवतो आणि जानेवारीत परीक्षेला आणतो. परीक्षेची तारीख आली, प्रवेशपत्र आलं, आणि दत्ताचा पत्ता नाही. नंबर बंद. घराला कुलूप, म्हातारा-म्हातारीही ऊसतोडीच्या टोळीबरोबर. टोळीच्या मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, त्या कारखान्याचं जमलं नाही, टोळी पुढं कुठंतरी सरकली. ही परीक्षा एकदाच देता येते. त्या दिवशी कोमल आली नाही, तर पुढच्या हंगामात तिच्या हातात कोयता, हे आम्हां दोघांनाही दिसत होतं.

नऊ दिवस राहिले होते. मधल्या सुट्टीत गुरुजी मला म्हणाले, "बाई, एक सांगा. संघाबाहेरच्या मानसाला निरोप जात न्हाई. पर त्याच्यावर हल्ला केला तर त्याला कळतं ना, कुनी केला ते?"

"कळतं की. नावासकट. मोबाईल उघडल्याबरोबर लाल अक्षरांत येतं."

"मग झालं तर."

"पण तुमच्याकडे सैन्य कुठाय? चारशे घोडे, ते पण वाटलेले. त्याची गढी पडायला तोफा लागतील."

"तट मोडला की निम्मं सामान परत येतं. तुमीच वाचून दाखवलं हुतं, चौदाव्या परिपत्रकात."

मी म्हटलं, गुरुजी, थांबा, दुसरं काहीतरी बघू. पण त्यांनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली. उत्तरेचा बुरूज आधी. मोबाईल प्रत्येक वेळी विचारायचा, नक्की मोडायचं का, आणि गुरुजी मान डोलावून ‘हो’ दाबायचे. तीन वर्षांचं काम चाळीस मिनिटांच्या सुट्टीत संपलं. मावशी खिचडीचं पातेलं घासायचं सोडून कट्ट्याजवळ येऊन उभ्या राहिल्या होत्या. घंटा द्यायला मला पाच मिनिटं उशीर झाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी त्यावरून मला टोकलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोठ्या गुरुजींनी दत्ताची गढी जाळली. तिसऱ्या दिवशी तिथं परत जे काही उगवलं होतं ते जाळलं. चौथ्या दिवशी, पाचव्या दिवशी, रोज मधल्या सुट्टीत, आणि रविवारी शाळा नसतानाही कट्ट्यावर येऊन. संघात हलकल्लोळ. आपल्याच माणसावर? गुरुजींचं डोकं फिरलं का? गावात पाराजवळ दोघं-तिघं मला थांबवून म्हणाले, "मॅडम, त्यांना एकदा नगरला चांगल्या डॉक्टरला दाखवा." इकडे त्यांची स्वतःची गढी उघडी पडली होती. कोण कुठले लोक येऊन कोठारं लुटत होते आणि गुरुजी तिकडे बघतही नव्हते.

सहाव्या दिवशी ते कट्ट्यावर असतानाच फोन वाजला. अनोळखी नंबर. गुरुजींचा नंबर मात्र या गावात शिकलेल्या प्रत्येकाला पाठ, कारण पहिलीत अंक शिकवताना ते स्वतःचाच मोबाईल नंबर गिरवून घ्यायचे. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडून दत्ता जवळजवळ रडत होता.

"गुरुजी, माजी गढी जाळली तुमी? तुमी? काय घोडं मारलंय मी तुमचं?"

"कोमल कुठंय?"

"आदी माज्या गढीचं बोला, गुरुजी."

"दत्ता, पोरगी कुठंय?"

"कोपीवर हाय, झोपडीत. बारक्याला सांभाळती." आवाज एकदम उतरला. "शाळा लांब पडती, गुरुजी. कसं सांगू म्हनून फोन न्हाई केला."

"रविवारी परीक्षा हाय. शनिवारी रात्रीच्या आत तिला माज्यापुढं उभी कर. न्हाईतर तू जितक्या वेळा बांधशील, तितक्या वेळा मी जाळीन. ऐकलं का?"

"व्हय, गुरुजी," दत्ता म्हणाला. तीस वर्षांचा बाप्या, पण आवाज थेट दुसरीतला.

फोन ठेवल्यावर त्यांनी घंटेची वाट न बघता मोबाईल खडूच्या डब्यात टाकला आणि डबा माझ्यापुढे केला. मी डबा धरला. मला हसू येत होतं की रडू, मलाच कळत नव्हतं, आणि दोन्ही आलं.

शनिवारी संध्याकाळी बापलेक आले. एसटी, टेम्पो, परत एसटी असं करत. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या परीक्षाकेंद्रावर आम्ही चौघे गेलो. गुरुजींनी कोमलला स्वतःचं घड्याळ काढून दिलं आणि ती आत गेली. पहिल्या यादीत तिचं नाव आलं नाही, दुसरीत आलं. आता ती तिथेच शिकते आणि सुट्टीत आली की मला इंग्रजीतून टोमणे मारते. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी गेट बंद झालं आणि आम्ही तिघं बाहेर रसवंतीच्या सावलीला उभे राहिलो. दत्ता बराच वेळ पायाने माती उकरत होता. मग खिशातून मोबाईल काढून म्हणाला,

"गुरुजी, खरं सांगू का? राग आल्ता मला. त्या दिशी फोन ठेवला आन् बदला घ्यायला तुमच्या गढीवर गेल्तो."

"मग?"

"दारातूनच परत फिरलो. तटच न्हाई तिथं. कोनबी येतंय, कोनबी न्हेतंय. उघड्या घरावर कसा हात टाकायचा?" त्याने मान वर केली. "गुरुजी, तुमचा तट कुठं गेला? एवढा मोठा तट हुता."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बंद गेटकडे बघत म्हणाले,

"अपडेट आलं हुतं रे. काढून टाकला वरच्या ऑफिसनं. लई नालायक लोकं हायेत."

दत्ताने माझ्याकडे बघितलं. मी खोटं बोलत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"व्हय का, मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "परिपत्रक मीच वाचून दाखवलं."